सस्पेन्स खात्यातलं गाणं

दिवसाअखेर बँकेत डे-बुक, म्हणजे दिवसभराच्या नोंदींची वही, जुळलं नाही की आमचे हेडक्लार्क चष्मा कपाळावर सरकवून एकच विचारायचे, "बाई, फरकाला नऊने भाग जातोय का बघा." मी नवीन होते. मला वाटलं, हा काहीतरी ज्योतिषाचा प्रकार असावा. मग त्यांनीच पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलं. ६३ च्या जागी ३६ लिहिलं, फरक २७. ८१ च्या जागी १८ लिहिलं, फरक ६३. आकडे उलटे पडले की फरकाला नऊने भाग जाणारच. भाग गेला तर चूक बहुधा हाताची, दहा मिनिटांत सापडते, चहा सांगा. नाही गेला तर कोणाची तरी नोंदच राहून गेलीय. मग व्हाउचरचे गठ्ठे सोडायचे, शेजारच्यांकडे फोन करून घरी निरोप द्यायचा की तुम्ही जेवून घ्या, आणि त्या राहिलेल्या माणसाला शोधत बसायचं.

३१ वर्षं हे केलं. शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरच सगळं जुळवून द्यायचा, पण सवय गेली नाही. अजून वाण्याचं बिल मी खालून वर बेरीज करून तपासते. घरचे हसतात.

निवृत्तीनंतर लेकीकडे एडिसनला गेले होते, न्यू जर्सीत. एडिसनला जाणं म्हणजे परदेशी जाणं की ठाण्याच्या जरा पुढे जाणं, हा वाद आमच्या घरी आहे. रविवारची सकाळ, ती ओटा पुसत होती, मी शेंगा सोलत होते आणि तिच्या फोनवर एक गाणं लागलं होतं. बाईचा आवाज, सपाट म्हणावा इतका शांत, आणि परत परत येणारे दोन शब्द: बॅम बॅम. मी म्हटलं, "हे कावडवाल्यांचं बम बम भोले इकडे कधी आलं?" ती हसून खाली बसली. मग म्हणाली, "आई, ही जमैकाची आहे. सिस्टर नॅन्सी. आणि तुला आवडेल असं सांगते, ही बाई इथेच न्यू जर्सीत बँकेत होती. अकाउंट्सला."

शेंगा सोलायचा माझा हात थांबला. रेगे या जमैकाच्या संगीताशी माझा संबंध तोवर बॉब मार्लीचं चित्र असलेल्या टी-शर्टांपुरता. गोव्याच्या बाजारात टांगलेले असतात तेवढाच. पण अकाउंट्स म्हटल्यावर मला त्या बाईची चौकशी करणं भाग होतं.

तिचं खरं नाव ओफ्लिन रसेल. जन्म जमैकाच्या राजधानीतला, किंग्स्टनचा, १९६२ चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमैका स्वतंत्र झाला, म्हणजे बाई देशापेक्षा काही महिन्यांनी थोरली. घरात १५ भावंडं. त्यांतला एक भाऊ रॉबर्ट, ज्याला किंग्स्टन 'ब्रिगेडियर जेरी' म्हणून ओळखत होतं. तो 'जा लव्ह' नावाच्या साउंडवर माइक धरायचा.

हे 'साउंड' म्हणजे काय ते सांगायला हवं, आणि मराठी वाचकाला सांगायला फार सोपं आहे, कारण विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर खोक्यांची जी भिंत उभी राहते ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आमच्या गल्लीत तर ती दरवर्षी खिडकीची तावदानं मोजून जाते. आपण तिला 'डीजे' म्हणतो आणि शिव्या देतो. किंग्स्टनमध्ये अशा भिंती १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून उभ्या राहिल्या. गरीब वस्तीत प्रत्येकाकडे रेडिओ नाही, वाद्यवृंद बोलवायची ऐपत नाही; मग कोणीतरी ॲम्प्लिफायर, भलेमोठे लाकडी स्पीकर आणि अमेरिकेहून आणलेल्या तबकड्या घेऊन मोकळ्या मैदानात नाच लावायचा. दारावर तिकीट, आत बिअर, बकऱ्याची रस्सेदार करी. (करी तिथे कशी पोचली? १८४५ साली पहिले हिंदुस्थानी गिरमिटिये, म्हणजे कराराने नेलेले मजूर, जहाजातून जमैकात उतरले आणि पुढे सत्तरएक वर्षं उतरत राहिले. त्यांच्याबरोबर करी गेली आणि 'गांजा' हा शब्दही गेला. तिथली चिलीम म्हणजे 'चॅलिस', आणि 'चॅलिस' याच नावाच्या साउंडवर नॅन्सीने चार वर्षं माइक धरला. आपल्याकडचा मुद्देमाल कुठे कुठे पोचलाय!)

त्या मैदानात तबकडी लावणारा तो 'सिलेक्टर'. आणि डीजे म्हणजे तबकडी लावणारा नव्हे, तर तबकडीवर बोलणारा, हे नीट लक्षात ठेवलं नाही तर पुढचं सगळं चुकतं. तबकडीच्या एका बाजूला गाणं; दुसऱ्या बाजूला तेच गाणं, पण गायकाचा आवाज काढून टाकलेला. १९६० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत रुळली आणि या मोकळ्या बाजूला नाव पडलं 'व्हर्जन'. गाणं संपलं की सिलेक्टर तबकडी उलटी करतो, मागे नुसता ढोल आणि बास चालू राहतो, आणि डीजे त्या रिकाम्या जागेत बोलायला लागतो. यमकात, तालात, समोरच्या गर्दीकडे बघत, कालच्या भांडणापासून बायबलपर्यंत काहीही. यू-रॉय नावाच्या डीजेने १९७० साली हे बोलणं स्टुडिओत नेऊन तबकडीवर छापलं, तेव्हा जमैकातल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतली पहिली तीनही गाणी एकाच वेळी त्याची होती.

त्या मागे चालणाऱ्या संगीताला ते 'रिडिम' म्हणतात. मला हे कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं ते माझ्या आजीच्या भजनाच्या वहीमुळे. वहीत प्रत्येक भजनावर कंसात 'चाल:' लिहून पुढे एखाद्या गाजलेल्या पदाचे पहिले दोन शब्द असत. चाल एक, तिच्यावर दहा भजनं. ज्याची चाल त्याला विचारायला कोणी गेलं नाही, आणि आजी उशिरा सुचलेल्या ओळी समासात लिहून त्याच चालीत बसवायची. जमैकाचं तेच. एक रिडिम बांधला की त्याच्यावर पाच, पन्नास, कधी शंभर गाणी होतात. फक्त तिथे ही वही नव्हती, धंदा होता.

भाऊ साउंडवर उभा राहायचा म्हणून बहीण तिथे पोचली. वय पंधरा-सोळा. 'जा लव्ह' हा रास्ताफारी पंथाच्या 'ट्वेल्व्ह ट्राइब्ज ऑफ इझ्रायल' शाखेच्या वर्तुळातला साउंड. त्या पंथात बाईला 'सिस्टर' म्हणायची रीत आहे, तेव्हा नावातला सिस्टर म्हणजे जोगीण नव्हे आणि नर्सही नव्हे, हे आमच्या शेजारच्या काकूंसाठी. माइक धरणारे तेव्हा जवळजवळ सगळे पुरुष. रात्रभराचा नाच, दारू, बंदुका, एका डीजेने दुसऱ्याला हाणून पाडायची चढाओढ. तिथे पोरीने उभं राहून बोलायचं म्हणजे काय, ते मी माझ्या कल्पनेने रंगवत नाही. एवढं सांगते की पुढे 'रेगे सनस्प्लॅश' या जमैकाच्या मोठ्या उत्सवात उभी राहिलेली पहिली बाई डीजे तीच, आणि देशाबाहेर जाऊन माइक धरणारी पहिलीही तीच मानतात.

काळ कसा होता तेही बघा. १९८० साल जमैकात निवडणुकीचं. मॅनली की सीआगा, या एका प्रश्नावर किंग्स्टनच्या वस्त्या एकमेकींवर गोळ्या झाडत होत्या. त्या वर्षी आठशेवर माणसं मेली. पुढच्या मे महिन्यात मार्ली कॅन्सरने गेला आणि बाहेरच्या जगाने ठरवून टाकलं की रेगे आता संपला. किंग्स्टनमध्ये मात्र लोक रात्री त्याच मैदानांत जमत होते. फक्त आता त्यांना क्रांतीची मोठी गाणी नको होती, शेजाऱ्याशी बोलल्यासारखं बोलणारं कोणीतरी हवं होतं. त्या संगीताला त्याच्या जागेचंच नाव पडलं: डान्सहॉल.

१९८० मध्येच विन्स्टन रायली नावाच्या निर्मात्याने नॅन्सीला स्टुडिओत नेलं आणि तिची पहिली तबकडी काढली. १९८२ मध्ये 'वन, टू' हा पूर्ण अल्बम झाला, मॅक्सफील्ड ॲव्हेन्यूवरच्या 'चॅनल वन' स्टुडिओत. हा स्टुडिओ हूकिम बंधूंचा, चिनी वंशाच्या जमैकन कुटुंबाचा. बाई वीस वर्षांची होती.

आणि आता ते गाणं. तिने स्वतः मुलाखतींतून सांगितलंय की अल्बमला एक गाणं कमी पडत होतं, म्हणून शेवटी हे झालं. लिहून आणलेलं नव्हतं, तिथल्या तिथे सुचत गेलं. मागे लावलेला रिडिम आधीच नऊ वर्षं जुना. 'स्टॅलॅग १७', १९७३ चा, अन्सेल कॉलिन्सच्या नावावरचा, निर्माता हाच रायली. नाव एका हॉलिवूडपटाचं, जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीवरच्या. किंग्स्टनचा आणि त्या छावणीचा संबंध शून्य, पण नाव भारदस्त वाटलं असेल. रिडिम ऐकाल तर त्यात फार काही घडतच नाही. बास जिना उतरल्यासारखा खाली येतो आणि पुन्हा वर जाऊन उभा राहतो. त्या न घडण्यातच सगळं आहे. माणसाला बोलायला जागा लागते.

त्या जागेत नॅन्सी काय बोलते? बढाई मारते. पण कशी! ओरडत नाही, आवाज चढवत नाही. मी बाई आहे, बाप्या नाही. माइकवर बोलणं ही माझी महत्त्वाकांक्षा आहे. हे कुठून आणलंस असं लोक विचारतात, मी म्हणते सृष्टीकडून. साधारण हा आशय. आणि मध्ये मध्ये 'काय हा बॅम बॅम'. जमैकन बोलीत याचा अर्थ होतो दंगा, धिंगाणा. मराठीत मी त्याला 'गोंधळ' म्हणेन, आणि मुद्दाम म्हणेन, कारण आपल्याकडेही गोंधळ म्हणजे घोटाळा आणि गोंधळ म्हणजे रात्रभर संबळावर जागवलेली देवीची सेवा. दोन्ही अर्थ त्या गाण्यात बसतात.

लेकीच्या ओट्याजवळ बसून मी ते सलग चार वेळा ऐकलं. गाणं म्हणून ते माझ्या कानाला फार गोड लागलं असं म्हणणार नाही. मी माणिक वर्मा ऐकत वाढलेली बाई. पण तो स्वर ओळखीचा होता. काउंटरवर पन्नास माणसं उभी आहेत, प्रत्येक जण घाईत आहे, आणि आत एक बाई शांतपणे म्हणतेय, रांगेत या, सगळ्यांचं होईल. माझ्या पहिल्या शाखेत अशी एक होती. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिला नाही.

गंमत अशी की जमैकात तेव्हा या गाण्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. अल्बमवरची तिची इतर गाणी तिथे जास्त माहीत होती. मग १९८५ आलं. कॅसिओच्या छोट्या की-बोर्डातला आयता ताल घेऊन वेन स्मिथ आणि निर्माता किंग जॅमी यांनी 'अंडर मी स्लेंग टेंग' काढलं, आणि बघता बघता जुन्या वादकांच्या जागी यंत्रं आली. नवे आवाज आले, चावट गाणी आली. नॅन्सी गात राहिली, साउंडवर उभी राहिली, पण तबकड्यांचा तो बहर सरला. १९९६ मध्ये ती न्यू जर्सीला आली आणि यथावकाश बँकेत नोकरीला लागली. हिशेबनीस.

आता इथे थोडं थांबते.

बँकेत 'सस्पेन्स' नावाचं एक खातं असतं. नाव सिनेमासारखं, काम अत्यंत कंटाळवाणं. पैसे आलेत पण कोणाचे ते कळत नाही. नाव अर्धवट, खाते क्रमांक चुकलेला, चलनावरची शाई पसरलेली. अशी रक्कम परत पाठवता येत नाही आणि कोणाच्या नावावर टाकताही येत नाही. मग ती सस्पेन्सला जाते. ऑडिटर आला की पहिल्यांदा तेच खातं मागतो. कारण शाखेची लाज तिथे ठेवलेली असते.

नॅन्सी बँकेत कोणाकोणाचे हिशेब जुळवत होती त्या वर्षांत तिचं गाणं काय करत होतं पाहा. ती अमेरिकेत आल्यावर दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, ते 'बेली' या चित्रपटात वाजलं. गाणं इतकं पसरलंय हे तिला तिथून पुढे उमगत गेलं. त्याच वर्षी अमेरिकन गायिका लॉरिन हिलने आपल्या गाजलेल्या अल्बममधल्या 'लॉस्ट वन्स'मध्ये ती ओळ घेतली. हिप-हॉपवाल्यांनी तुकडे कापून आपापल्या गाण्यांत शिवले. सर्वाधिक सॅम्पल झालेल्या रेगे गाण्यांत आज त्याचं नाव घेतात. क्लबांत, लग्नांत, जिममध्ये, लंडनपासून टोकियोपर्यंत ते वाजतंय, आणि प्रत्येक वेळी वाजल्यावर कुठेतरी काहीतरी जमा होतंय. तिच्या नावावर मात्र काही नाही. करारच नव्हता. त्या काळच्या किंग्स्टनची रीत अशी की आवाज देणाऱ्याच्या हातात काही रक्कम टेकवायची, टेप निर्मात्याची, तबकडी निर्मात्याची, पुढचं सगळं निर्मात्याचं. जमैकाचा स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा झाला तो १९९३ मध्ये. त्याआधी तिथे चालत होता तो १९११ चा ब्रिटिश कायदा, ग्रामोफोनच्या कर्ण्याच्या काळातला.

२०१४ मध्ये तिने टीव्हीवर रीबॉकच्या बुटांची जाहिरात पाहिली. मागे तिचाच आवाज.

मी हा क्षण बराच वेळ मनात घोळवला. बाई कामावरून आलीय, चपला काढल्यात, टीव्ही चालू आहे (हे सगळं माझं, तिचं नव्हे), आणि बूट विकायला आपलाच वीस वर्षांचा गळा वापरलाय. संताप आला असेल, हे कोणीही म्हणेल. पण हिशेबाच्या माणसाला त्याआधी एक दुसरी गोष्ट सुचते. अरे, ही तर एंट्री आहे. म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, कोणाला तरी पैसे दिलेत. व्हाउचर असणार. इतकी वर्षं नुसतं ऐकू येणारं काहीतरी आता कागदावर सापडण्याजोगं झालं.

तिने वकील गाठले. तडजोड झाली. तोवर ३२ वर्षं उलटली होती. तिला मागच्या दहा वर्षांची रक्कम मिळाली आणि त्या अल्बमच्या हक्कांत निम्मा वाटा मिळाला. पुढे तिने बँकेची नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ माइककडे परत गेली, पन्नाशी ओलांडल्यावर. २०१६ मध्ये अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टच्या 'फेमस'मध्ये तिचा आवाज आला. २०१७ मध्ये जे-झीने डेमियन मार्लीला घेऊन 'बॅम' केलं, आणि जमैकात चित्रित झालेल्या त्याच्या व्हिडिओत ती स्वतः आहे. लेकीने मला तो दाखवला. जे-झीचं कौतुक करण्याइतकं मला त्यातलं कळत नाही. मी बाईकडे बघत होते. तिच्याभोवती केवढं वलय उभं केलंय, आणि ती अशी उभी की जणू घरच्या अंगणात पाहुणे आलेत.

इथवर आल्यावर माझ्या लेकीच्या दृष्टीने गोष्ट संपली होती. अन्याय झाला, न्याय मिळाला. ती भांडी लावायला लागली. मला मात्र रात्री झोप लागेना. टॅली जुळली नव्हती.

कारण आता मी दुसरी बाजूही मांडायला घेतली होती. 'बॅम बॅम' ही ओळ नॅन्सीची कुठे आहे? ती 'टूट्स आणि मेटल्स' या जमैकन गायकांच्या चमूची, १९६६ ची. जमैकाच्या पहिल्या राष्ट्रीय गीतस्पर्धेत ते गाणं पहिलं आलं होतं. तिने ती ओळ घेतली, जशी आजी चाल घ्यायची. बास आणि ढोल कोणाचे? १९७३ च्या त्या वादकांचे, स्टुडिओत एका दुपारी बोलावलेल्या आणि हातात पैसे टेकवून पाठवलेल्या. त्याच 'स्टॅलॅग'वर १९८५ मध्ये टेनर सॉ नावाच्या पोराने 'रिंग द अलार्म' म्हटलं. ते आज नॅन्सीच्या गाण्याइतकंच अजरामर आहे, आणि तो पोरगा तीनच वर्षांत अमेरिकेत, ह्यूस्टनला, वारला. त्याची कोणती जाहिरात आणि कोणता वकील?

आणि रायली. त्याला खलनायक करून मोकळं व्हावं असं मलाही वाटलं, पण जमलं नाही. 'टेक्निक्स' हा गायकांचा चमू त्याने शाळकरी वयात काढला होता. डेव्ह आणि अन्सेल कॉलिन्स यांचं 'डबल बॅरल' त्याने काढलं आणि ते १९७१ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. वीस वर्षांच्या पोरीला अल्बम करायला बसवणारा किंग्स्टनमधला तो एक. ऑरेंज स्ट्रीट म्हणजे तिथल्या तबकड्यांच्या दुकानांची गल्ली, तिथे त्याचं दुकान होतं. २०११ च्या अखेरीस त्याला राहत्या घरात गोळी घातली, आणि काही आठवडे इस्पितळात काढून २०१२ च्या जानेवारीत तो गेला. जाहिरात आली तेव्हा तो हयातच नव्हता. तो नसता तर हे गाणं झालं नसतं. तो होता म्हणून तिला पैसे मिळाले नाहीत. ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर, एक जमेला आणि एक नावे, आणि मी काय करू?

लेक म्हणाली, "आई, तू उगाच गुंता करतेस. सगळे घेत होते, पण पैसे एकाच्याच खिशात जात होते ना?"

हे मात्र खरं. आणि ते तिला माझ्याआधी दिसलं, याचं मला जरा बरंही वाटलं. चाल कोणाची, ओळ कोणाची, हा प्रश्न किंग्स्टनच्या मैदानात कोणाला पडतच नव्हता. ती सगळी सामाईक विहीर. ज्याने त्याने आपापला पोहरा आणावा. प्रश्न उभा राहिला तो विहिरीवर मीटर बसल्यावर. अमेरिकेतल्या कंपनीने हक्क विचारले, रक्कम ठरली, फॉर्म आला. आणि फॉर्मवर मालकाचं नाव लिहायला एवढीशी जागा असते. मैदानातल्या पाचशे माणसांचं नाव त्यात मावत नाही. मग ज्याच्या घरात टेप आहे त्याचं लिहितात.

मला माझी एक गोष्ट आठवली, सांगण्याजोगी नाही, पण सांगते. एका शाखेत असताना लेजर जुळवण्यासाठी मी एक तक्ता बसवला होता, फुलस्केप कागदावर, सहा रकाने. त्याने महिनाअखेरचं काम दोन दिवसांवरून एका दुपारवर आलं. बदली झाली, मी विसरून गेले. चारेक वर्षांनी दुसऱ्या शाखेत एक परिपत्रक आलं, 'सुधारित पद्धत', खाली एका साहेबांची सही, सोबत तो तक्ता. सहाच्या सहा रकाने. सहाव्या रकान्याला मी घाईत 'किरकोळ' ऐवजी 'किकोळ' लिहिलं होतं. छापील परिपत्रकात 'किकोळ'च होतं. मी परिपत्रक फाइल केलं आणि त्याच तक्त्यावर शाखेचं लेजर जुळवलं. पगार चालू होता, घर चालू होतं, साहेब वाईट नव्हते. वाईट वाटलं का? एकदाच, तो 'किकोळ' वाचताना. चुकीवर तरी माझं नाव हवं होतं.

तेव्हा नॅन्सी बँकेत बसून काय विचार करत असेल, ते मला थोडंसं कळल्यासारखं वाटतं. आणि लगेच वाटतं, नाही कळत. माझा तक्ता कोणी लग्नात वाजवला नव्हता.

आणखी एक बँकेचीच गोष्ट. आपल्याकडे दहा वर्षं ज्या खात्यात मालक फिरकला नाही, त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जाते. ही योजनाही २०१४ चीच. पण माणूस, किंवा त्याचा वारस, पुढे कधीही कागद घेऊन आला तरी ते पैसे त्याला द्यावेच लागतात. पंधरा वर्षांनी या, पंचवीस वर्षांनी या. म्हातारे थरथरत्या हाताने जुनं पासबुक घेऊन येत, आणि आम्ही कुरकुरत का होईना, शोधून देत असू. गाण्याचं तसं नाही. तिथे मागची दहा वर्षं मिळाली, आणि त्यामागची गेली ती गेली.

परतीच्या आदल्या रात्री लेक सामानाचं वजन करत होती आणि मी तिच्या फ्रिजवरच्या यादीच्या कागदामागे पेन्सिलीने मांडत होते. सवय. वरच्या ओळीत १९८२, खाली २०१४. मधली वर्षं ३२. त्यातून मिळालेली १० वजा केली. उरली २२.

"काय करतेस गं आई, तेवीस किलोच्या वर जातेय बॅग."

मी बावीसला नऊने भागून पाहिलं. जात नाही.